झाकणावरचा हात

प्रमाण वजनाला उघड्या बोटांनी शिवायचं नसतं. बोटाचा ठसा डोळ्यांना दिसत नाही, पण काट्याला दिसतो. ठशातल्या तेलालाही वजन असतं. आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की त्याला आधी हे सांगतात आणि मग हातात चिमटा देतात. औषध कारखान्यांची, सोनारांची, दुकानदारांची वजनं आमच्याकडे तपासायला येतात. हे काम मी इतकी वर्षं करते आहे की घरी मी साखरेच्या डब्याचं झाकणसुद्धा दोन बोटांनी कडेला धरून उघडते, असं आई म्हणते.

त्या शुक्रवारी काटा माझ्यावर रुसला होता. शेवटचा आकडा ठरेना. दार बंद होतं, पंखा बंद होता, श्वासही मी तोंड बाजूला वळवून सोडत होते. तरी आकडा पुढेमागे होतच राहिला.

"भूकंपबिकंप आहे का?" माझ्या सहकाऱ्याने विचारलं. त्याला सगळे थर्मामीटर म्हणतात, कारण तो खोलीत शिरला की खोलीचं तापमान चढतं आणि पुन्हा खाली यायला वेळ लागतो.

"नाही."

"मग गुडघा आवर. टेबलाला टेकलाय आणि शिवणयंत्र चालवल्यासारखा हलतोय."

मी खाली पाहिलं. खरंच हलत होता. मी तो मागे घेतला आणि आकडा मुकाट बसला.

"साहेबांना काय उत्तर देणार आहेस?" तो म्हणाला. "सोमवारी द्यायचंय ना?"

"बघू."

"तुझं बघू आणि माझ्या मेव्हण्याचं उद्या. दोन्ही येत नाहीत."

साहेबांनी मला बोलावून विचारलं होतं. समुद्राजवळच्या एका शहरात आमच्या खात्याची नवी प्रयोगशाळा उघडायची होती. सध्या तिथे फक्त रिकाम्या खोल्या होत्या. टेबलं कुठे बसवायची, हवा कशी राखायची, कुठला काटा कुठे ठेवायचा, हे सगळं पहिल्यापासून ठरवायला माणूस हवा होता. दोन वर्षं तिथेच राहायचं. विचारताना साहेबांनी खोल्यांचा नकाशा पुढे सरकवला आणि मी उत्तर देण्याआधीच मनात एक भिंत पाडून दोन काटे उत्तरेच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले होते. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की नकाशाला हात लावायची भीती वाटली.

पण घरी आई होती.

आई शाळेत खेळ शिकवायची. अर्ध्या शहराला तिने शिट्टीवर पळवलंय. गेल्या वर्षी ती जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. आता ती काठी घेऊन चालते, म्हणजे काठीने दिव्याची बटणं दाबते आणि लोकांना दिशा दाखवते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. सकाळ-संध्याकाळ तिला खाली बागेत जायचं असतं, आणि जिना उतरताना माझा हात तिच्या कोपराखाली असतो. रोज पहिल्या पायरीवर ती म्हणते, "हात काढ गं." रोज मी काढत नाही.

नव्या कामाचं मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती जा म्हणाली असती, आणि तिच्या जा म्हणण्यावर मी विश्वास ठेवला नसता.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत लेखनाचा वर्ग असतो. तिथे मी कशी पोचले ते थोडक्यात सांगते. एका बालमासिकात मी विज्ञानावर लिहायचे. एकदा मी त्यांना गोष्ट पाठवली. संपादकबाईंनी परत पाठवताना लिहिलं, "यातली बर्फाची माहिती फार छान आहे. माणसं मात्र गोठली आहेत." मला राग आला, मग पटलं, मग मी वर्गात नाव घातलं. वर्ग घेणाऱ्या मास्तरांनी उभी हयात रेडिओसाठी नाटकं लिहिली. ते फार हळू बोलतात, त्यामुळे सगळ्यांना पुढे सरकून बसावं लागतं.

या वेळी त्यांनी घरचा अभ्यास दिला होता. लहानपणी ऐकलेल्या परीकथेतली एक नायिका घ्यायची आणि तिच्या स्वभावाचं विश्लेषण करायचं. तिला काय हवंय, ती काय करते, काय करायचं टाळते. "नवीन पात्र घडवण्याआधी," मास्तर म्हणाले होते, "जे पात्र तुमच्या डोक्यात इतकी वर्षं टिकलंय, ते का टिकलं ते बघा."

मी आईची गोष्ट घेतली. दुसरी मला येतच नाही.

गोष्ट अशी. एका चेटकिणीने गावातला सगळा वारा चोरला आणि मडक्यात कोंडला. मडक्याचं झाकण नीट बसेना. मग ती एका घरात शिरली, घरातल्या सगळ्यांना तिने मंतरून झोपवलं, फक्त थोरली मुलगी जागी ठेवली. म्हणाली, या झाकणावर हात ठेवून बस. हात उचललास तर वारा सुटेल आणि ही झोपलेली माणसं घरासकट उडून जातील. मुलगी बसली. एक पक्षी आला, एक वाटसरू आला, आणि दोघांनीही चल म्हटलं. तिने हात उचलला नाही. चेटकीण म्हातारी होऊन मेली, मडक्यातला वारा थकून झोपला, घरातली माणसं जागी झाली आणि म्हणाली, केवढी गुणाची पोर!

मी वाचून दाखवलं. गुण लिहिले होते: चिकाटी, जबाबदारी, एकाग्रता. दोष: आढळला नाही. तिला काय हवं आहे: घरच्यांचं भलं.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "ते घरच्यांना काय हवंय ते झालं. तिला काय हवंय?"

"तेच."

"हात उचलावा असं तिला एकदा तरी वाटतं?"

"गोष्टीत तसं नाही."

"मग ही गोष्ट तिची नाही. मडक्याची आहे."

सगळे हसले. माझ्या शेजारी एक दंतवैद्यीण बसते. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलायचं फक्त हिने, त्यामुळे शनिवारीही तिला ती सवय मोडवत नाही. ती म्हणाली, "मला वेगळीच शंका आहे. तिच्या नाकाला खाज सुटत नाही का हो?"

पुन्हा हशा. मास्तरांनी मात्र डोळे उघडले.

"हसण्यावारी नेऊ नका. यांनी घोडं कुठे अडलंय ते बरोबर दाखवलं. खाज सुटते तेव्हा ती काय करते? दुसऱ्या हाताने खाजवते? सहन करते? नाक झाकणावर घासते? तिथे तिचा स्वभाव सुरू होतो." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, ती स्थिर आहे. स्थिर असणं हा स्वभाव नव्हे. दगडही स्थिर असतो."

"पण हात उचलला तर माणसं उडतील," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"असं चेटकीण म्हणते," मास्तर म्हणाले. "तिने ते पडताळून पाहिलं का?"

पडताळून पाहणं हा माझा धंदा आहे. ती गोष्ट मी चाळीस वर्षं डोक्यात बाळगली आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"आणखी कोणाला ही गोष्ट माहीत असेल तर विचारा," मास्तर म्हणाले. "सांगणारा बदलला की पात्र हलतं. कुठे हलतं ते बघा."

मी सरळ घरी गेले नाही. वाचनालयाला वळसा घातला, मग बाजाराच्या रस्त्याने खाली गेले, काही न घेता परत वर आले. एका दुकानाच्या पायरीवर थांबून धाकट्या बहिणीला फोन लावला. ती विशीत घर सोडून दुसऱ्या टोकाच्या शहरात गेली आणि तिथून फोनवर आईचा आहार ठरवते.

"अगं ताई, ही कसली गुणाची पोर!" माझं ऐकून ती म्हणाली. "ती हात काढते ना!"

"नाही काढत."

"काढते! वारा सुटतो, छप्पर उडतं, आणि आतली सगळी गारठून शिंकत शिंकत उठतात. चेटकीण एकीकडे, तिची चप्पल एकीकडे. आणि ही वाऱ्यावर बसून निघून जाते. आई शिंकून दाखवायची. तुला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला गोष्टी सांगायची वेळ झाली तेव्हा मी दुसऱ्या खोलीत अभ्यास करत असे.

"म्हणजे आईने आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बघ ना. तुला बसायला शिकवलं आणि मला उडायला." मग घाईने म्हणाली, "ए, मी सहज बोलले हं. तिला बरं आहे ना? रात्री दूध घेते ना?"

"तू ये आणि विचार. उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

"झालं. काढलास उंट."

मी फोन बंद केला. तिचं वाक्य मात्र बंद होईना. सगळी निरीक्षणं एकाच रेषेवर येऊन बसावीत तसं झालं. मी याच शहरात शिकले, इथेच नोकरी धरली, दोनदा बढती नाकारली, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की मी विचार करून ठरवलं. आता दिसत होतं की ते कुणीतरी आधीच ठरवून, गोष्टीत घालून, रोज झोपताना माझ्या कानात ओतलं होतं. माझा संताप संताप झाला. निष्कर्ष इतका सुबक बसला होता की तो तपासावा असं माझ्या मनातही आलं नाही.

रविवारी सकाळी मी कपाट आवरलं. मग तेच पुन्हा वेगळ्या तऱ्हेने आवरलं. खिडक्या उघडल्या, लावल्या.

"पायाला भिंगरी लागलीय का?" आई बूट घालता घालता म्हणाली. "चल, बागेत तरी फिर, म्हणजे फरशी झिजायची नाही."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी तिच्या कोपराखाली हात घातला. तिने नेहमीचं वाक्य म्हटलं. आम्ही उतरू लागलो. वळणावर ती दम घ्यायला थांबली, आणि मी विचारलं.

"आई, ती मडक्यातल्या वाऱ्याची गोष्ट. धाकटीला तू वेगळी सांगितलीस?"

"कुठली? हां, ती होय. मग? तुम्ही दोघी वेगळ्या म्हटल्यावर."

"मला हात न उचलणारी सांगितलीस. तिला उचलणारी. का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत पोरं खोटा ताप सांगायची तेव्हा ती अशी बघत असेल.

"मी तुला तशी सांगितली? अगं, तूच तशी करून घेतलीस!"

"मी?"

"माझ्या आईची गोष्ट निराळीच होती. त्यात ती मुलगी एक दगड आणते, झाकणावर ठेवते आणि जाते. संपलं. इतकी साधी गोष्ट. पण तुला पटेल तर शपथ! पहिल्याच रात्री उठून बसलीस. दगड किती जड होता? म्हटलं, असेल चांगला जड. नाही, पण किती? हाताएवढा? हाताचं वजन कसं केलं? तुझं वय तेव्हा साडेचार. मला काय ठाऊक किती जड! मी म्हटलं, खूप जड. तर म्हणालीस, मग मडकं फुटेल."

मी कठड्याला टेकले.

"रोज तेच," आई म्हणाली. "हलका म्हटला की वारा सुटेल म्हणून रडणं, जड म्हटला की मडकं फुटेल म्हणून रडणं. एकदा तर रडून रडून ताप आला. शेवटी मीच हात टेकले. म्हटलं, बरं बाई, नाही जात ती कुठे, बसते हात ठेवून. तेव्हा कुठे झोपलीस. पुढे दगडाचं नाव काढायची माझी छाती झाली नाही."

"आणि धाकटी?"

"तिला कसला दगड नि कसलं काय. वारा सुटणार का, एवढंच. नाही म्हटलं तर गोष्ट ऐकायची नाही. म्हणून सोडला." ती हसली. "मला शिंकायला मजा यायची."

जिन्यात कोणीतरी दार आपटलं. माझ्या डोक्यात कालपासून उभी असलेली ती सुबक रेषा तिथल्या तिथे मोडली. मी आईला वजन समजत होते आणि स्वतःला काटा. वजनावर ठसा माझाच होता.

"दगड ठेवून ती कुठे जाते?" मी विचारलं.

"कुणाला माहीत. माझी आई तिथवर आली की तिलाच झोप लागायची." आईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आता सांग. ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? आठवडाभर घरात नुसत्या येरझारा चालल्यात. कुठे जायचंय तुला?"

मी सांगितलं. समुद्र, रिकाम्या खोल्या, दोन वर्षं, उद्या उत्तर. सांगताना मी उत्तरेचा कोपरासुद्धा सांगितला.

ती लगेच जा म्हणाली नाही. थोडा वेळ तिने खाली जाणाऱ्या पायऱ्या पाहिल्या.

"आणि तुझं म्हणणं, तू हात काढलास की मी उडणार."

"तू पडली होतीस, आई."

"पडले होते. तेव्हा तू होतीस की घरात. हात जवळच होता, तरी पडले." मग काठीने तिने भिंत ठोकली. "या बाजूला दुसरा कठडा बसवून घे म्हणून मी वर्षभर सांगतेय. दोन्ही हातांनी धरता आलं की मी एकटी उतरेन. दर वेळी तू काय म्हणतेस?"

मी म्हणत असे, कशाला, मी आहे ना.

"माझ्यावर हात ठेवून बसायला मी काय मडकं आहे?" ती म्हणाली. हे बोलताना तिचा आवाज जरा चिरला, आणि तो मी ऐकला हे तिलाही कळलं. "रात्रीचं घर मोठं वाटेल मला. ते वाटणारच. त्यावर कठडा नसतो. शेजारणीला किल्ली देऊन ठेव आणि रोज फोन कर. खोटं खोटं 'सगळं छान' म्हणायचं नाही, तू पण नाही आणि मी पण नाही."

"कठडा किती वजन पेलेल ते बघावं लागेल," मी म्हणाले.

"आली! साडेचार वर्षांची आली बघ!" ती इतक्या मोठ्याने हसली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. मग कोपर माझ्या हातातून सोडवून घेत म्हणाली, "हात काढ गं."

मी काढला. ती एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातातली काठी टेकत उतरू लागली. मी एक पायरी मागे होते. माझा हात हवेतच होता, कशावरही न ठेवलेला, आणि तळमजल्यापर्यंत मला त्याचं वजन जाणवत राहिलं.

सोमवारी मी साहेबांना हो म्हटलं. त्याआधी लोखंडकाम करणाऱ्याला बोलावून जिना दाखवला. त्याने सांगितलेल्या जाडीच्या दुप्पट जाडीचा पाइप मी सांगितला. तो म्हणाला, "बाई, याला हत्ती बांधणार आहात का?" आई आतून ओरडली, "हत्तीणच आहे! बसव तू!"

काटा त्या दिवशीही स्थिर होईना. "आता काय झालं? ठरलं ना एकदाचं?" थर्मामीटर म्हणाला. मी गुडघा मागे घेतला. ठरल्यावर तो थांबेल असं मलाही वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी मी मास्तरांना नवीन विश्लेषण दिलं. तिन्ही गोष्टी सांगितल्या, कुणामुळे काय बदललं तेही सांगितलं. गुणदोषांचं कोष्टक काढून टाकलं होतं. त्याच्या जागी नायिकेबद्दल एवढंच लिहिलं होतं: एक हात झाकणावरच ठेवून ती दुसऱ्या हाताच्या टप्प्यातला एक दगड निवडते. झाकणावर ठेवण्याआधी तो मोकळ्या हातात घेऊन तोलते. मग खाली ठेवते, आणि पुन्हा उचलून तोलते.

मास्तर ऐकत होते. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते.

"दोनदा का?"

"पहिल्या वेळी तिचा विश्वास बसत नाही."

"आणि दुसऱ्या वेळी बसतो?" दंतवैद्यिणीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "पण तोवर तिचा दुसरा हात झाकणावरून निघालेला असतो."